श्रद्धेचें भांडवल आणि भयाचा बाजार

चित्रपटाच्या जाहिरातीवर टीकालेख लिहिणें म्हणजे मांडवाबाहेरच्या चौघड्यावरून लग्नाची परीक्षा करणें होय, असा आक्षेप ह्या लेखाचा विषय कळतांच कित्येक वाचक घेतील. जाहिरात ही विकणाऱ्याची हांक. तिच्यांत कलेचे नियम शोधूं नयेत, तिला धर्माचा जाब विचारूं नये, चित्रपट आवडला नाहीं तर त्याजवर खुशाल तुटून पडावें, असें त्यांचें म्हणणें असतें. हें म्हणणें वरवर पाहतां समंजसपणाचें वाटतें. पण तें टिकणारें नाहीं. चित्रपट पाहण्यासाठीं मनुष्य आपल्या पायांनीं जातो, पदरचे पैसे मोजतो, आणि काय पाहावयाचें आहे ह्याची थोडीबहुत कल्पना मनाशीं बाळगून काळोखांत बसतो. जाहिरात मात्र न बोलावतां येते. ज्यांनीं तो चित्रपट कधीं पाहिला नाहीं व पुढें पाहणारही नाहींत, अशा असंख्यांच्या डोळ्यांपुढून ती जाते. आणि त्यांच्यापुरती ती जाहिरात हाच तो चित्रपट असतो. इंग्रजींत हिला 'ट्रेलर', म्हणजे मागून ओढत येणारी वस्तु, असें म्हणतात. कारण प्रारंभीं ती मुख्य चित्रपट संपल्यावर दाखवीत असत. प्रेक्षक तोंवर उठून जातात हें ध्यानांत आल्यावर ती पुढें आणण्यांत आली. आज तर हें शेंपूट धडापासून सुटून स्वतंत्रपणें गांवभर हिंडत आहे. तेव्हां त्याची स्वतंत्र परीक्षा करणें अस्थानीं ठरूं नये.

परीक्षेसाठीं मी धार्मिक भयपटांच्या जाहिराती घेतों, आणि त्यांतही एक विशिष्ट उदाहरण. कॉरिन हार्डी ह्यांनीं दिग्दर्शित केलेला 'द नन' हा अमेरिकन चित्रपट सप्टेंबर २०१८ मध्यें प्रदर्शित झाला. त्याच्या आदल्या महिन्यांत त्याची कांहीं सेकंदांची एक जाहिरात यूट्यूबवर इतर चित्रफितींच्या आधीं दाखविली जात होती. पाहणाऱ्यास ती टाळतां येत नसे. आरंभीं पडद्यावर आवाज कमी होत असल्याची ती सर्वांच्या ओळखीची खूण दिसे. आपल्याच यंत्राचा आवाज उतरला असें समजून मनुष्य तो वाढवावयास जाई, तोंच एका सैतानी धर्मभगिनीचा पांढराफटक चेहरा किंचाळत अंगावर येई. ह्या जाहिरातीविरुद्ध इतका गिल्ला झाला कीं, धक्कादायक मजकुरासंबंधींच्या आपल्या नियमाचा तिनें भंग केला असें सांगून यूट्यूबनें ती काढून टाकली.

जाहिरात गेली, पण तिनें एक गोष्ट उघडी करून ठेवली, आणि त्याबद्दल टीकाकारानें तिचे आभारच मानले पाहिजेत. ह्या चित्रपटाच्या लांबलचक जाहिरातींत जें तंत्र मठांतील काळोख्या वाटा, अपुऱ्या उजेडांत एकटी चालणारी तरुण साधिका आणि तिच्या पाठीमागें काळोखाहूनही काळी दिसणारी आकृति ह्यांच्या आड दडलेलें असतें, तेंच येथें सोलून समोर ठेवलें होतें. कथा नाहीं, पात्र नाहीं, प्रसंग नाहीं. आधीं शांतता, मग गोंगाट. आधीं रिकामा काळा पडदा, मग तो एकदम व्यापून टाकणारा चेहरा. मोठा आवाज अकस्मात् कानीं पडला असतां मनुष्याचे खांदे आंखडतात आणि डोळे मिटतात, ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे. तिला बुद्धीची वा भावनेची परवानगी लागत नाहीं. पाळण्यांतलें मूलही दचकतें. जें पाळण्यांतल्या मुलाच्या ठायीं घडवून आणतां येतें, त्यास कलेचा परिणाम म्हणावयाचें काय, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या साहित्यशास्त्रानें ह्या प्रश्नाचें उत्तर फार पूर्वीं देऊन ठेविलें आहे. भरतानें 'भय' हा स्थायिभाव मानला आणि त्यापासून भयानक रसाची निष्पत्ति सांगितली. परंतु त्याच नाट्यशास्त्रांत तेहतीस व्यभिचारी भावांच्या यादींत 'त्रास' नांवाचा एक निराळा भाव आहे. वीज कडाडणें, उल्का पडणें, मेघांची गर्जना, श्वापदांची डरकाळी हीं त्याचीं कारणें. त्रास अकस्मात् येतो, अंग थरथरवितो आणि ओसरतो. भय हें मागचापुढचा विचार करणाऱ्या मनांत उत्पन्न होतें आणि तेथें मुक्काम करतें, असा ह्या दोहोंतील भेद पुढील शास्त्रकारांनींही स्पष्ट केला आहे. ह्या भेदाकडे पाहिलें म्हणजे आजच्या भयपटाच्या जाहिरातीचें सारें वर्म हातीं लागतें. ती त्रास देते आणि भय म्हणून त्याची किंमत घेते.

दचक्याला कलेंत स्थानच नाहीं, असें मात्र माझें म्हणणें नाहीं. व्हॅल ल्यूटन ह्यांनीं निर्मिलेला व झाक तूर्नर ह्यांनीं दिग्दर्शित केलेला 'कॅट पीपल' हा १९४२ चा चित्रपट ह्या बाबतींत नेहमीं दाखला म्हणून दिला जातो. रात्रीं एक स्त्री उद्यानालगतच्या रस्त्यानें एकटी चालली आहे. तिच्या मागून दुसऱ्या स्त्रीचीं पावलें वाजत आहेत. कांहीं वेळानें तीं वाजेनाशीं होतात. पहिली स्त्री घाबरून पावलें उचलते. आणि एकाएकीं श्वापदाच्या फुत्कारासारखा आवाज होऊन चौकटींत शिरते ती साधी प्रवासी बस! प्रेक्षक दचकतो, पण तो दचका भयाच्या झाडाला आलेलें फळ असतें. त्या दोन स्त्रियांमधील मत्सर, एकीच्या मनांतील आपल्या वंशाविषयींची शंका, हें सारें प्रेक्षकाला अगोदर ठाऊक असतें. बस निघून गेल्यावरही भय उरतें, कारण त्याचें कारण उरलेलें असतें. येथें त्रास हा स्थायिभावाची चाकरी करतो. आमच्या जाहिरातींत चाकरानें धन्यालाच घराबाहेर काढलें आहे.

येथवरचा दोष तंत्राचा झाला, आणि तो कोणत्याही भयपटाच्या जाहिरातींत आढळेल. धार्मिक भयपटाचा दोष ह्याहून खोल आहे. नुसत्या आवाजावर काम भागत असेल, तर त्यासाठीं धर्मभगिनीच कां लागावी? न्हाव्याचा किंवा टपालवाल्याचा चेहरा पांढरा रंगवून तो अंगावर कां येऊं नये? उत्तर उघड आहे. धर्मभगिनीच्या वस्त्राला कांहीं शतकांची पुण्याई आहे. त्या वस्त्राआड असलेल्या स्त्रीनें घर सोडलें, द्रव्य सोडलें, पुष्कळदां नांवही सोडलें. ती रोग्यांच्या उशाशीं बसली, अनाथांना तिनें वाढविलें, मुलांना शिकविलें. रुग्णालयांतील परिचारिकेला आपण मराठी माणसें सहज 'सिस्टर' अशी हांक मारतों, ती हांकसुद्धां अशा संघांतील भगिनींपासून इंग्रजींत आली व तेथून आपल्याकडे पोंचली. ह्या वस्त्राविषयीं मनांत जो विश्वास सांठला आहे, त्याच्या उलट कांहीं दाखवितांच मन हादरतें. म्हणजे धक्का देण्याचें सामर्थ्य दिग्दर्शकानें निर्माण केलेलें नसतें. तें श्रद्धावंतांनीं पिढ्यान्पिढ्या जमविलेलें भांडवल असतें. जाहिरात तें परस्पर उचलते आणि खर्च करून टाकते. असा खर्च वर्षांतून दहा वेळां झाला, कीं भांडवल संपतें. मग एखाद्या लहान मुलाला रस्त्यानें जाणाऱ्या धर्मभगिनीला पाहून प्रथम आठवण होते ती त्या पांढऱ्या चेहऱ्याची.

"सैतान पवित्र रूप घेऊन येतो, ही कल्पना तर धर्मांतच आहे," असें येथें कोणी म्हणेल. आहे खरी; पण ह्या विशिष्ट रूपाचा उगम पाहूं. चित्रपटांतील सैतानाचें नांव 'वलाक'. हें नांव सतराव्या शतकांत संकलित झालेल्या 'लेसर की ऑफ सॉलोमन' ह्या मंत्रविद्येच्या ग्रंथांतील पिशाच्चांच्या यादींत येतें. आणि तेथें हा वलाक देवदूताचे पंख असलेल्या बालकाच्या रूपानें, दोन शिरांच्या अजगरावर बसून येतो व गुप्त धनाचा ठाव सांगतो. धर्मभगिनीचा तेथें मागमूसही नाहीं. तें वस्त्र त्याला प्रथम चढविलें जेम्स वान ह्यांनीं, 'द काँज्युरिंग २' ह्या २०१६ च्या चित्रपटांत. त्या चित्रपटाच्या नायिकेच्या श्रद्धेवरच घाला घालणारें रूप आपणांस हवें होतें, असें त्यांनीं कारण दिलें आहे. हें कारण त्या चित्रपटापुरतें सार्थ आहे. तेथें एक श्रद्धाळू स्त्री आहे, तिचा एक संशय आहे, आणि तें रूप त्या संशयाचें आहे. परंतु जाहिरातींत ती स्त्री नाहीं, तिची श्रद्धा नाहीं, संशयही नाहीं. राहिलें आहे तें केवळ वस्त्र. एका मनाची पीडा दाखविण्यासाठीं योजलेली प्रतिमा तेथून उचलून सर्व जगाला दचकविण्याच्या कामीं लावली. व्यापाराच्या दृष्टीनें हें अर्थात् फारच फायद्याचें ठरलें. सुमारें २ कोटी २० लाख डॉलर खर्चून काढलेल्या 'द नन'नें जगभरांत ३६ कोटी डॉलरांवर उत्पन्न मिळविलें.

खुणांच्या बाबतींतील हा निष्काळजीपणा केवळ वस्त्रापुरता नाहीं. भिंतीवरचा क्रूस आपोआप फिरून उलटा होतो, हें दृश्य आतां ह्या वर्गाच्या चित्रपटांचें ठरलेलें लेणें झालें आहे. उलटा क्रूस म्हणजे सैतानाचा विजय, असें प्रेक्षकाला पढविण्यांत आलें आहे. परंपरा काय सांगते? संत पेत्र ह्याला क्रूसावर चढविण्याची वेळ आली तेव्हां, आपल्या प्रभूसारखें मरण येण्याची आपली योग्यता नाहीं म्हणून त्यानें स्वतःस उलटें टांगून घेतलें. आणि म्हणून तो क्रूस विनम्रतेची खूण म्हणून चर्चनें जतन केला. पराकोटीच्या नम्रतेची खूण पराकोटीच्या उद्धटपणाची म्हणून खपविली गेली, आणि पाहणाऱ्या कोट्यवधींपैकीं फारच थोड्यांना त्यांत कांहीं वावगें वाटलें. ज्या धर्माविषयीं बोलावयाचें त्याची अक्षरओळखही करून न घेतां त्याच्या पोथींतील चित्रें फाडून भिंतीवर चिकटवावीं, तशांतला हा प्रकार आहे.

पण सर्वांत मोठा अपराध मला दिसतो तो स्थळकाळाच्या निवडींत. 'द नन'ची कथा १९५२ सालच्या रुमानियांत घडते. एका कॅथलिक मठांत एका धर्मभगिनीनें आत्महत्या केली, म्हणून तपासासाठीं व्हॅटिकनकडून एक धर्मगुरु व एक तरुण साधिका पाठविली जाते. चित्रण बऱ्याच अंशीं प्रत्यक्ष रुमानियांत झालें. हुनेदोआरा येथील कोर्विन किल्ल्याचाही त्यांत उपयोग केला गेला. आतां इतिहास उघडून पाहावा. १९४८ च्या ऑगस्टांत त्या देशांत 'सिक्युरिताते' ही गुप्त पोलीसयंत्रणा स्थापन झाली. त्याच वर्षीं १ डिसेंबरला रोमशीं संलग्न असलेलें ग्रीक-कॅथलिक चर्च सरकारी हुकुमानें बरखास्त करण्यांत आलें आणि त्याचे बिशप कैदेंत गेले. त्यांपैकीं सात जणांना बंदिवासांतच मरण आलें. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २ जून २०१९ रोजीं ब्लाज येथें त्यांना 'धन्य' म्हणून घोषित केलें. यासचे कॅथलिक बिशप अँटोन दुर्कोविच हे डिसेंबर १९५१ मध्यें सिगेतच्या तुरुंगांत मरण पावले, म्हणजे ह्या चित्रपटाची कथा सुरू होण्याच्या अगदीं आदल्या वर्षांत.

म्हणजे १९५२ च्या रुमानियांत मठाच्या दारावर रात्रीं थाप पडली असती, तर आंतल्या स्त्रियांनीं खरोखरच थरथर कांपावें अशी परिस्थिति होती. भयानक रसाला लागणारे सारे विभाव तेथें इतिहासानें मांडून ठेविले होते : निर्जन मठ, बंद दारें, नाहींशीं होणारीं माणसें, आपल्यांतलीच एखादी खबर देत असेल ही शंका, आणि एवढ्यांतूनही चालू ठेविलेली प्रार्थना. ज्या स्त्रियांनीं तें वस्त्र अंगावर ठेवण्यासाठीं खरी शिक्षा भोगली, त्यांच्याच वस्त्राला त्यांच्याच देशांत, त्यांच्याच काळांत सैतानाचा गणवेष ठरवून जगापुढें नाचविण्यांत आलें. कल्पितकथेला इतिहासाचें बंधन नसतें हें मला मान्य आहे. परंतु इतिहासाचें नांव, सन आणि भिंती एवढ्या तिन्ही गोष्टी उसन्या घेणाऱ्यानें त्या भिंतींच्या आंत कोण कोंडलें गेलें होतें ह्याची एकदां तरी चौकशी करावयास नको काय? पश्चिमेच्या प्रेक्षकाला पूर्व युरोप म्हणजे धुकें, पडके किल्ले आणि पिशाच्चें एवढेंच माहीत असतें. जाहिरात त्या अज्ञानाला गोंजारते.

अमेरिकन भयपटास ह्याहून चांगलें करतां येत नाहीं असें नाहीं. विल्यम फ्रीडकिन ह्यांचा 'द एक्झॉर्सिस्ट' हा डिसेंबर १९७३ चा चित्रपट घ्या. त्याच्या एका जाहिरातींत दिव्याखालीं पिशवी घेऊन उभा असलेला एक मनुष्य दिसतो. समोर घर आहे, खिडकींतून प्रकाश येत आहे. आणि ह्या रस्त्यावर, ह्या घरांत एका मुलीला कांहीं तरी होत आहे व अखेरचा उपाय म्हणून एका मनुष्यास बोलावणें गेलें आहे, एवढेंच शांत आवाजांत सांगितलें जातें. हें दृश्य रने माग्रित ह्यांच्या 'प्रकाशाचें साम्राज्य' ह्या चित्रमालेवरून सुचलें. त्यांत किंकाळी नाहीं. आंत काय आहे हा प्रश्न आहे, आणि आंत जाणाऱ्या मनुष्याविषयीं काळजी आहे. चित्रपटही त्या संयमाला जागतो : मुलीच्या वैद्यकीय तपासण्या तो सविस्तर दाखवितो, आणि स्वतःच्याच श्रद्धेविषयीं साशंक झालेला तरुण धर्मगुरु त्याच्या केंद्रस्थानीं ठेवितो.

तथापि ह्याही चित्रपटाला मी निर्दोष म्हणणार नाहीं. त्याचा आरंभ इराकमध्यें होतो, आणि पडद्यावर अक्षरें उमटत असतांना कानीं पडते ती मशिदींतली अजान. कोट्यवधी लोकांच्या नित्याच्या प्रार्थनेचा स्वर पाश्चात्त्य प्रेक्षकाला 'आतां कांहीं तरी अमंगळ घडणार' ह्याची सूचना म्हणून ऐकविला जातो. तेथल्या मातींतून वर येणारी मूर्ति 'पझूझू' ह्या मेसोपोटेमियन पिशाच्चाची. प्राचीन लोक ह्या पझूझूला भीत असत हें खरें. पण बाळंतिणींना व अर्भकांना छळणाऱ्या 'लमाश्तू'ला पळवून लावण्यासाठीं त्याच्याच मुखाचे ताईत ते वापरीत. लेंकरांचा राखणदार म्हणून ज्याची प्रतिमा बाळगीत, तोच ह्या चित्रपटांत एका लेंकराच्या अंगांत शिरतो! तेव्हां दुसऱ्यांच्या खुणा न वाचतां वापरण्याची खोड जुनीच आहे. फरक एवढाच कीं, १९७३ मध्यें त्या खोडीच्या जोडीला कला होती. २०१८ च्या त्या जाहिरातींत नुसती खोड उरली.

मग कसोटी कोणती लावावी? धर्माच्या खुणेला भयपटानें हातच लावूं नये, असें मी म्हणत नाहीं. भय आणि श्रद्धा ह्यांचा संबंध फार जुना आहे, आणि तो आपल्या घरींही आहे. आदित्य सरपोतदार ह्यांचा 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट जून २०२४ मध्यें प्रदर्शित झाला व कोंकणांतील एक लोकसमजूत त्यामुळें देशभर पोंचली. त्याच्या गुणदोषांची चर्चा येथें करण्याचें कारण नाहीं. ती समजूत मात्र पाहण्यासारखी आहे. मुंज झालेला मुलगा लग्नापूर्वीं वारला तर तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो. ह्या भुताचें भय त्या संस्काराच्या पोटांतूनच जन्मलें आहे. एक संस्कार झाला, दुसरा राहिला, आयुष्य अर्ध्यावर तुटलें. त्या तुटलेपणाचें दुःखच पिंपळावर जाऊन बसलें आहे. येथें खूण आणि भय ह्यांचें रक्ताचें नातें आहे. जानवें हें येथें नुसतें सोंग नव्हे. तें काढून टाकलें तर भूतही नाहींसें होतें. उलट त्या जाहिरातींतील धर्मभगिनीचें वस्त्र काढून दुसरें कोणतेंही चढवा. किंकाळी तितकीच मोठी राहील. माझी कसोटी हीच : खूण काढून घेतली असतां भय उरतें काय? उरत असेल, तर ती खूण तेथें अर्थासाठीं आणली नव्हती, तिच्या पुण्याईवर पैसे मिळविण्यासाठीं आणली होती.

एवढें ऐकून कांहीं धर्माभिमानी मंडळी मला आपल्या बाजूस ओढूं पाहतील आणि म्हणतील, "तर मग अशा चित्रांवर बंदीच घाला." त्यांना माझें उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. भावना दुखावल्या ही तक्रार टीका नव्हे. ती टीकेचा दरवाजा बंद करणारी अडसर आहे. आज जी बंदी वाईट जाहिरातीवर येईल, तीच उद्यां धर्मगुरूच्या संशयाचें प्रामाणिक चित्रण करणाऱ्या कलावंतावर येईल. कारण भावना दोन्हींनींही दुखावतात, आणि भावनेला वाईट व चांगलें ह्यांतला भेद करतां येत नाहीं. तो भेद करणें हें वाचकाचें, प्रेक्षकाचें व टीकाकाराचें काम आहे. 'द नन'ची ती जाहिरात काढली गेली ती पवित्र वस्त्राच्या विटंबनेसाठीं नव्हे, तर न विचारतां धक्का दिल्यासाठीं, हें मला योग्यच वाटतें. संमति न घेतां अंगावर धांवून येणें हा अपराध नियमानें रोखतां येतो. दुसऱ्याच्या खुणा न समजतां वापरणें हा अडाणीपणा आहे, आणि त्यावर ज्ञानावांचून दुसरा उपाय नाहीं.

दुसऱ्या टोंकाला आमचे रसिक तरुण आहेत. "घटकाभर करमणूक, दचकलों, हंसलों, विसरलों," असें ते म्हणतात. विसरलों, हीच तर माझी तक्रार आहे. खरें भय विसरलें जात नाहीं. तें मनुष्याला विचारतें कीं तुला काय गमवावेंसें वाटत नाहीं, आणि त्या प्रश्नासकट त्याच्याबरोबर घरीं येतें. फादर स्टीफन्स ह्यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्यें गोव्यांत छापलें गेलें, तेव्हांपासून ख्रिस्ती श्रद्धेची भाषा मराठीला परकी राहिलेली नाहीं. निदान मराठी प्रेक्षकानें तरी क्रूस आणि मठ पाहतांच 'हें विलायती भुताटकीचें सामान' असें म्हणून मोकळें होऊं नये. ज्याला दुसऱ्याच्या देवघरांतील खूण वाचतां येते, त्याला स्वतःच्या देवघरांतली खूण कोणी विकावयास काढली असतां तेंही वेळेवर कळतें. आणि आजचा बाजार पाहतां ती वेळ फार दूर आहे असें मला वाटत नाहीं.